वाढत्या अंगाचा युनिफॉर्म चालतो, गाडी चालत नाही

पत्र : आम्ही फोंड्याला राहतो. मुलीला नुकतीच 10 वर्षं पूर्ण झाली. उंची 138 सेंमी, वजन 31 किलो. दोन वर्षं ती 50 सीसीची बिनगिअरची मोटोक्रॉस गाडी (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) चालवतेय, पण आता वळणावर तिचे गुडघे हँडलला लागतात. येत्या हंगामात तिला शर्यतीत उतरायचंय. माझा भाऊ बेळगावला असतो. त्यानं तिथं 85 सीसीची, मोठ्या चाकांची एक जुनी गाडी बघून ठेवलीय. तो म्हणतो, पोरगी वाढतेय, एकदाच मोठी घेऊन टाका, चार-पाच वर्षं बघायला नको. तिचे बाबा म्हणतात 65 घेऊ. ती दोन वर्षांत लहान पडली तर पैसे पाण्यात जातील, अशी मला धास्ती आहे. शिवाय पावसाळ्यात गाडी चार महिने बंद राहणार. काय करावं?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तिचे बाबा बरोबर सांगतायत. 65 घ्या. मामांची माया कळते, हिशेबही कळतो. पण त्यांनी बघितलेली गाडी तुमच्या मुलीला साधारण तीन वर्षांनी बसेल, आणि मधली तीन वर्षं ती गाडी तिला पाडत राहील.

शाळेचा युनिफॉर्म शिवताना आपण खाली दोन इंचांची दुमड ठेवतो. पोर वाढलं की उसवायची. गाडीला अशी दुमड नसते. म्हणून आधी माप घ्या, म्हणजे घरातला वाद टेपनंच मिटेल. मुलीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा. एक जाड पुस्तक, कणा वर करून, दोन पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा. कण्याच्या उंचीवर भिंतीला पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. 138 सेंमी उंचीच्या मुलीचं हे माप साधारण 63 सेंमी भरतं. मोटोक्रॉसच्या बुटाच्या तळाचे अडीच सेंमी धरले की झाले साडेपासष्ट.

आता गाडी. 65 सीसीच्या गाडीची सीट जमिनीपासून 75-76 सेंमी असते. मुलगी बसली की शॉकअप दबून ती साधारण 6 सेंमी खाली येते, म्हणजे राहिली 70. सीटच्या रुंदीमुळे पाय फाकतात, त्यात आणखी दोनेक सेंमी जातात. उरलेली सहा-साडेसहा सेंमी टाच उचलून भरून निघतात. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, आणि शर्यतीच्या गाडीवर तेवढंच पाहिजे. दोन्ही तळवे सपाट टेकत असतील तर उलट गाडी लहान पडायला लागली म्हणून समजा.

85 दोन प्रकारांत येते. लहान चाकांची, म्हणजे पुढे 17 आणि मागे 14 इंच, तिची सीट 83 ते 86 सेंमी. मोठ्या चाकांची, पुढे 19 आणि मागे 16, तिची 87 ते 89. मामांची गाडी दुसऱ्या प्रकारातली. 88 मधून 6 गेले, राहिले 82. मुलीचा पाय साडेपासष्टचा. मधल्या साडेसोळा सेंमींना टाच कितीही उचलली तरी पुरत नाही. त्यातून त्या गाडीची स्प्रिंग तिच्यापेक्षा बऱ्याच जड मुलासाठी असते, त्यामुळे 31 किलोत ती सहा सेंमी दबणारही नाही.

पाय न पोचणं हे फक्त थांबण्यापुरतं गैरसोयीचं असतं असं पुष्कळ पालकांना वाटतं. त्रास त्याहून खोल आहे. मुलाला ठाऊक असतं की वळणात गाडी कलली तर पाय टेकणार नाही. मग ते वळणाआधीच फार हळू होतं, सीटवर मागे सरकतं, पुढच्या चाकावर वजन पडत नाही आणि ते चाक घसरतं. दुसरा प्रकार सुरुवातीच्या फाटकावर दिसतो. क्लच सुटतो, गाडी पुढे झेपावते, अंग मागे राहतं, मनगट आपोआप खाली वळतं आणि रेस आणखी वाढते. मोठ्या गाडीत हात हँडलपर्यंत कसाबसा पोचत असतो, म्हणून हे हमखास होतं. तिसरी गोष्ट वजनाची. 65 पेट्रोलसकट साठ किलोंच्या आसपास, म्हणजे तिच्या दुप्पट. 85 सत्तर-पंचाहत्तरच्या घरात. अंगावर पडली तर खालून पाय काढता यायला हवा, आणि एकटीनं उभी करता आली तर फारच बरं. दहा वर्षांच्या मुलीसाठी दुपटीची मर्यादा ओलांडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांत 65 लहान पडेल ही तुमची धास्ती खरी आहे. पडेलच. मुली साधारण 10 ते 13 या वयात भराभर वाढतात, एखाद्या वर्षी सात-आठ सेंमीसुद्धा. म्हणजे दोन हंगाम 65, मग दीडशे सेंमीच्या आसपास लहान चाकांची 85, आणि 155 ओलांडली की मोठ्या चाकांची. नीट राखलेल्या 65 ला गिऱ्हाईक मिळतं, कारण 50 वरून वर येणारी मुलं दर वर्षी असतात. तुमचं नुकसान होईल ते विक्रीतल्या फरकाएवढं. घाबरून गाडी सोडून दिलेल्या मुलीची 85 शेडमध्ये पडून राहिली तर सगळेच पैसे अडकतात.

65 मधली कुठली?

आपल्याकडे दोन नावं समोर येतात : कावासाकी केएक्स 65 आणि केटीएम 65 एसएक्स. दोन्ही टूस्ट्रोक, दोन्हींना 6 गिअर, हातानं दाबायचा क्लच, चाकं पुढे 14 आणि मागे 12 इंच. केटीएम 2024 च्या अखेरीस भारतात आली तेव्हा किंमत साडेपाच लाखांच्या आसपास होती, केएक्स तीन लाखांच्या थोडी वर. आजचा भाव शोरूमलाच विचारा, करात बदल झालेले आहेत.

केटीएमचा क्लच हायड्रॉलिक, लहान बोटांना हलका. पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपमध्ये, स्प्रिंगऐवजी हवा असते, त्यामुळे पोर चार किलोंनी वाढलं की पंपानं दाब वाढवायचा, नवी स्प्रिंग शोधायला नको. वजनालाही ती कमी. पण ती तिखट गाडी आहे. तिची ताकद एकदम येते आणि देखभाल काटेकोर लागते. केएक्सचा आराखडा जुना आहे आणि फोर्क मऊ आहे. मोठ्या उड्या घेणाऱ्या मुलाला ती अपुरी पडते. पण बिनगिअरच्या 50 वरून येणाऱ्या, पहिल्यांदाच क्लच शिकणाऱ्या 31 किलोंच्या मुलीला पहिली दोन वर्षं पुरून उरते. तुमच्या मुलीसाठी आम्ही केएक्स घेऊ, आणि वाचलेल्या पैशांतून सुरक्षेचा संच व सुटे भाग. चांगली जुनी केटीएम हातात आली तर ती नाकारण्याचंही कारण नाही. घेण्याआधी शर्यतीच्या आयोजकांकडून त्या वर्षीचे नियम मात्र मागून घ्या : कुठल्या वयाला किती सीसी आणि कुठलं चाक चालतं ते त्यात असतं. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना कसा काढायचा तेही तिथंच कळेल.

मामांना दुसरं काम द्या

बेळगावात 85 ऐवजी 65 शोधायला सांगा, आणि बघायला जाताना हे पाहायला सांगा.

सीट काढायची, एअर फिल्टर बाहेर काढायचा. मग पांढऱ्या स्वच्छ फडक्यात बोट गुंडाळून, फिल्टरच्या मागे कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी आहे, तिच्या आत बोट फिरवायचं. फडक्यावर तेलाचा नुसता डाग आला तर ठीक. तांबडी भुकटी आली, चिमटीत चोळल्यावर कचकच लागली, तर फिल्टर धूळ आत सोडत होता. ती धूळ पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासत बसते. अशी गाडी घ्यायचीच असेल तर इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

इंजिन थंड असताना किक हातानं दाबून बघा. एका ठिकाणी ती ठामपणे अडली पाहिजे. लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक धरा आणि वर उचला. कट्-कट् असा प्ले लागला तर शॉकअपच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगा गेल्यात. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं कडं, फुटरेस्टच्या जोडाजवळ फ्रेमला केसाएवढी भेग, दबलेला रेडिएटर, स्प्रॉकेटचे माशाच्या काट्यासारखे वाकलेले दात हेही बघा. बिल आणि आयातीचे कागद नसतील तर गाडी कितीही चकाचक असो, सोडून द्या.

‘पिस्टन शेवटचा कधी बदलला?’ हा प्रश्न विचाराच. शर्यतीत पळणाऱ्या 65 चा पिस्टन 20 ते 30 तासांत बदलावा लागतो, रिंग त्याच्याही आधी. तासांचा मीटर नसेल आणि मालकाला उत्तर देता येत नसेल तर नवा पिस्टन, रिंग, पिन आणि गॅस्केट यांचा खर्च धरूनच भाव ठरवा.

बेळगावची गाडी घाटाखाली आणताना आणखी एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेला जुळवलेला कार्ब्युरेटर गोव्यात आला की हवा दाट मिळते आणि पेट्रोल त्या मानानं कमी पडतं. आजच्या पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल त्यात भरच घालतं. इंजिन तापतं, आणि ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण रेसमध्ये पिस्टन जाम होतो. म्हणून इथं पहिल्यांदा पळवली की प्लग काढून बघा. दुधाच्या चहाचा रंग असेल तर बरोबर. पांढराफटक असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो) एक नंबर मोठा घाला आणि पुन्हा बघा.

गाडी घरी आल्यावर

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर आधी आत घ्या, म्हणजे मूठ न सोडता दोन बोटं पोचतील. त्याचे लहान स्क्रू लिव्हरपाशीच असतात. मग मागचा शॉकअप. मागच्या मडगार्डवर एक खूण करा आणि चाकाच्या अक्षापासून तिथपर्यंत तीनदा मोजा : एकदा गाडी स्टँडवर, चाक लोंबकळत असताना; दुसऱ्यांदा गाडी जमिनीवर, एकटी; आणि तिसऱ्यांदा मुलगी हेल्मेट-बुटांसकट बसलेली, पाय फुटरेस्टवर, कुणीतरी हँडल धरलेलं. समजा 480, 458 आणि 408 मिमी आले. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं 22 दबली आणि मुलीसकट 72. मागच्या चाकाची हालचाल 240 मिमी असेल तर त्याच्या 30 टक्के म्हणजे 72, अगदी जुळलं. कमी-जास्त असेल तर शॉकअपवरची रिंग फिरवून जुळवा. पण मुलीसकट 72 आणताना गाडी एकटीच 35-40 दबत असेल तर स्प्रिंग तिच्यासाठी कडक आहे. एकटी जवळजवळ दबतच नसेल तर स्प्रिंग मऊ. दोन्हीत उपाय एकच, स्प्रिंग बदलणं. रिंग आवळत बसून उपयोग नाही. तिचं वजन दर तीन-चार किलोंनी वाढलं की हे माप पुन्हा घ्या.

सीट उंच वाटली तर फोम दोन-अडीच सेंमी तासता येतो. त्याहून जास्त तासलात तर उडीनंतर खालचं प्लॅस्टिक बुडाला लागतं. उलट पुढे मुलगी उंच झाली की दीड-दोन सेंमीचे राइझर लावून हँडल वर घेता येतं, आणखी सहा महिने निघतात. उभी राहिल्यावर पाठीची कमान होऊ लागली, गुडघे हँडलला लागू लागले, की ती गाडी विकायची वेळ झाली.

गिअर-क्लच शिकवायला पहिले चार-पाच दिवस सपाट मैदान. निघणं, थांबणं, पहिला-दुसरा, एवढंच. टूस्ट्रोकची ताकद खाली काहीच नसते आणि वर एकदम येते, हे तिच्या हाताला कळल्याशिवाय उड्या नकोत. जागा निवडताना सड्यावर नेऊ नका. जांभ्याचे कंगोरे पडल्यावर कापतात आणि ट्यूबही फाडतात. टायरमधली हवा 13-14 पीएसआय ठेवा. खाली नेलीत तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते. जमीन खासगी असो की कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीची), परवानगी लेखी घ्या. आणि ही गाडी रस्त्यावर अजिबात नाही, घरापासून मैदानापर्यंतचे दोनशे मीटरसुद्धा नाही. तिला नंबर नसतो. अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे. पिकअपमधूनच न्या.

पेट्रोलमध्ये टूस्ट्रोक तेल मोजून घाला, अंदाजानं नाही. केएक्सला 32 ला 1, म्हणजे 5 लिटरला 156 मिली. केटीएमला 60 ला 1, म्हणजे 5 लिटरला 83 मिली. मैदानावर दुसऱ्याच्या कॅनमधलं घेताना हा फरक लक्षात ठेवा. आज मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपवा. फिल्टर प्रत्येक दिवसानंतर धुवायचा : आधी रॉकेल किंवा फिल्टर क्लीनर, मग साबणाचं पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं, मग फिल्टरचं तेल. तेल मुरवताना दाबा, पिळू नका. पेट्रोलनं धुतला तर फोमचे जोड सुटतात. दोन फिल्टर ठेवा, एक वाळत असताना दुसरा गाडीत. गिअर ऑइल दर पाच तासांनी. नव्या चाकांचे स्पोक पहिल्या दिवसानंतर आवळा.

हेल्मेटही वाढत्या मापाचं नको. पट्टा बांधून डोकं हलवल्यावर गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत. लहान मुलाच्या मानेला जड हेल्मेट झेपत नाही, तेव्हा हातात घेऊन वजन बघा. बुटात अर्धा इंच जास्त चालेल. छातीचं कवच, मानेची पट्टी, गुडघ्यांचे गार्ड, गॉगल, हातमोजे हे सगळं गाडीच्या आधी.

पावसाळा

मिरग लागायच्या आधी टाकी रिकामी करा. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून फ्लोट बाउलमधलं पेट्रोलही काढा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं, आणि चार महिन्यांत जेटच्या सुईएवढ्या भोकात हिरवट खळ जमते. प्लग काढून चमचाभर टूस्ट्रोक तेल आत सोडा, किक चार-पाच वेळा सावकाश मारा, प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, नाही तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. तो बोळा काढायचा राहू नये म्हणून हँडलला चिठ्ठी बांधा. चेनला तेल, स्पोकच्या टोकांना तेलाचा हात, दोन्ही चाकं जमिनीपासून वर. वर प्लॅस्टिक टाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

आता वेळेचं. मे महिन्यात बरेच जण पावसाळ्याआधी गाडी काढून टाकतात, भाव उतरतो, आणि मामा म्हणतील आत्ताच घ्या. घ्यायची तर तिला बरोबर नेऊनच घ्या, तिच्या बुटांसकट. ऑक्टोबरपर्यंत ती दोन-तीन सेंमी वाढणार आहे, म्हणजे आज चवडे नुसते टेकत असले तरी ती 65 चालेल. आज बोटांची टोकंही पोचत नसतील तर ती गाडी कुठलीही असो, रिकाम्या हातानं परत या. चवथ झाली की भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेपाशी तिला पुन्हा उभं करा, आणि शॉकअपची तिन्ही मापं त्या दिवशी नव्यानं घ्या.